मीटर चांगले होते, तार चुकीची ओढली होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकात आमच्या भागातल्या एका गावाच्या नळपाणी योजनेची बातमी आली होती. गावाला तीन दिवस पाणी नव्हतं, दोन फ्लो मीटर आणि एक लेव्हल मीटर सदोष निघाले, आणि जलशुद्धीकरण केंद्रावरच्या रात्रपाळीच्या ऑपरेटरने टाकीतल्या पातळीकडे लक्ष दिलं नाही, असा त्या बातमीचा सूर होता. बातमीदाराला जे सांगितलं गेलं ते त्याने छापलं, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्यातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. केंद्र दुरुस्त करायला शेवटी मलाच बोलावलं होतं, आणि जे दिसलं ते मी स्वतः मोजलेलं आहे. म्हणून हे पत्र.

मी कुपवाडला कंट्रोल पॅनलचं वायरिंग करते. १९९५ साली आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केला, तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. सुरुवातीला एका फाउंड्रीत नोकरी आणि पुढे स्वतःचं छोटं शेड. पॅनल बनवणं, साइटवर केबल ओढून घेणं, मीटर जोडणं, सगळं चालू होईपर्यंत तिथे थांबणं, हेच काम आजवर केलं.

केंद्राची रचना आधी सांगते. मध्ये ऑफिस आहे, तिथे पीएलसी, म्हणजे सगळं चालवणारा छोटा कंट्रोल संगणक, आणि स्क्रीन. कच्चं पाणी येतं तो इनलेट ऑफिसपासून १२० मीटरवर, फिल्टर हाउस ६० मीटरवर, क्लोरीनची खोली ९० मीटरवर, शुद्ध पाण्याचा संप, म्हणजे साठवण टाकी, ४० मीटरवर आणि पंपहाउस सगळ्यात लांब, १६० मीटरवर. या पाच ठिकाणी मिळून १४ उपकरणं आहेत: फ्लो मीटर, लेव्हल मीटर, गढूळपणा मोजणारा मीटर, क्लोरीन अॅनालायझर, विजेचे मीटर आणि पंपांचे दोन व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी उपकरणं). ही सगळी उपकरणं ऑफिसातल्या पीएलसीशी एकाच तारेच्या जोडीवरून बोलतात. आमच्या धंद्यात त्याला फोर-एटी-फाइव्ह म्हणतात, म्हणजे आरएस-४८५. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९८३ साली काढलेलं हे मानक आज साखर कारखान्यात, सूतगिरणीत, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या सोलर इन्व्हर्टरमध्ये, सगळीकडे आहे. त्यावर जी भाषा बोलली जाते ती मॉडबस. ती त्याहून जुनी, १९७९ सालची, मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी केलेली. पीएलसी एकेका मीटरला त्याच्या क्रमांकाने हाक मारतो आणि ज्याचा क्रमांक तोच उत्तर देतो. बाकीचे गप्प ऐकतात. शाळेतल्या हजेरीसारखं.

या तारेचा एकच मोठा नियम आहे. ती माळेसारखी न्यायची. पहिल्या मीटरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, म्हणजे प्रत्येक ठिकाणी एक केबल आत येणार आणि एक बाहेर जाणार. माळेला दोनच टोकं असतात, आणि त्या दोनच टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लावायचा. मधल्या मीटरला नाही. फाउंड्रीत भट्टीचे टेंपरेचर कंट्रोलर जोडताना माझ्या पहिल्या सुपरवायझरने हे मला शिकवलं. ते फारसं बोलायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी खिशातली जपमाळ काढून टेबलावर सरळ पसरली आणि म्हणाले, अशी. मग तिचा मधला भाग चिमटीत धरून उचलला, दोन्ही बाजू लोंबायला लागल्या, आणि म्हणाले, अशी नाही. मी अजून तेच डोळ्यांसमोर ठेवून केबल ओढते.

या केंद्रावर तार झाडासारखी ओढलेली होती. ऑफिसच्या भिंतीवर एक जंक्शन बॉक्स, त्यातून पाच दिशांना पाच केबली. दिसायला नेटकं काम, ग्लँड व्यवस्थित, ट्रे सरळ. काम करणाऱ्याने कामचुकारपणा केला असं मी म्हणणार नाही. घरातलं वायरिंग असंच असतं, डीबीपासून, म्हणजे मुख्य पेटीपासून, प्रत्येक खोलीला वेगळी तार. कॉम्प्युटरचं नेटवर्कही असंच, मध्ये स्विच आणि तिथून प्रत्येक टेबलाला केबल. पण नेटवर्कच्या स्विचमध्ये प्रत्येक केबलसाठी वेगळं पोर्ट असतं आणि स्विच प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतो. जंक्शन बॉक्समध्ये नुसत्या पाच तारा एका स्क्रूखाली असतात. हा फरक ज्याला कुणी सांगितलेला नाही, तो माणूस झाडच लावणार.

तरीही केंद्र पहिले आठ महिने नीट चाललं. का चाललं, तेही सांगायला हवं, कारण चुकीचं काम बरोबर वाटतं ते इथूनच. सुरुवातीला वेग ९६०० ठेवलेला होता, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. एका बिटाला १०४ मायक्रोसेकंद मिळतात. तारेतून सिग्नल जातो तो साधारण मीटरला ५ नॅनोसेकंद या हिशेबाने. पंपहाउसच्या १६० मीटरच्या फांदीला जाऊन परत यायला दीड मायक्रोसेकंदाच्या आसपास लागतो. गोठ्यातलं दावं एका टोकाला खुंटीला बांधून दुसऱ्या टोकाने हिसका दिला की लाट खुंटीपर्यंत जाते आणि परत आपल्या हातात येते. तारेच्या मोकळ्या टोकावरून सिग्नल तसाच परत येतो; टोकाचा रेझिस्टर ही लाट गिळण्यासाठीच असतो. पण १०४ मायक्रोसेकंदांत ही लाट चार-पाच वेळा ये-जा करून शांत झालेली असते, मीटर बिट वाचतो तो मधल्या क्षणी, आणि त्याला काही कळत नाही. म्हणून कमी वेगाला, छोट्या आवारात, झाडही चालून जातं. हे मी लपवत नाही. आमच्या भागात अशी कितीतरी झाडं चालू आहेत.

पुढे काय झालं ते मला कुणी तोंडी सांगितलं नाही. ते मला एका रजिस्टरमध्ये मिळालं. रात्रपाळीचा जो मुलगा, ज्याला आता दोषी धरलंय, त्याने पहिल्या दिवसापासून दोनशे पानी वही घातलेली आहे. कोण आलं, किती वाजता, काय उघडलं, काय बदललं, कोणता मीटर नेला, सगळं तारीखवार. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी तीस वर्षांत मोठमोठ्या कारखान्यांत अशी वही पाहिलेली नाही. खरं निदान त्या वहीनेच केलं, मी मल्टिमीटर घेऊन फक्त खातरजमा केली.

वहीत नवव्या महिन्यात नोंद आहे: स्क्रीनवर आकडे उशिरा बदलतात म्हणून तक्रार, साहेब आले, लॅपटॉप लावून स्पीड वाढवली, सगळ्या मीटरला ११५२०० केली. एका बिटाला आता नऊ मायक्रोसेकंदही उरले नाहीत. मधला क्षण चार मायक्रोसेकंदांवर येतो, आणि तेवढ्यात पंपहाउसकडून आलेली परतीची लाट अजून तारेत डोलतच असते. दुसऱ्याच दिवशीची नोंद: पंपहाउसचे तीन मीटर मध्येच गायब होतात. चौथ्या दिवशी: फिल्टर हाउसचापण. मग पहिला फ्लो मीटर काढून नवा बसवला. फरक नाही. पंधरा दिवसांनी दुसरा बदलला. फरक नाही.

मग कुणीतरी आलं आणि त्याला टर्मिनेशनची आठवण झाली. टोकाला रेझिस्टर लावायचा असतो एवढं त्याला माहीत होतं. पण झाडाला टोकं किती? पाच फांद्यांची पाच. बहुतेक मीटरच्या आत १२० ओहमचा रेझिस्टर बसवलेलाच असतो, बारीक डिप स्विच सरकवला की तो तारेला लागतो. त्याने पाचही टोकांचे स्विच चालू केले, आणि पंपहाउसमध्ये आणखी दोन मीटरांचेही केले. वहीत नोंद आहे: सात ठिकाणी स्विच ऑन केले, गायब झालेले सगळे मीटर दिसू लागले, साहेब समाधानी. खाली त्याच अक्षरात एक ओळ: त्या वेळी पंप बंद होते.

त्या ओळीने मला केबलची तपासणी कुठून सुरू करायची ते सांगितलं. मी सगळा पुरवठा बंद केला, जंक्शन बॉक्समध्ये मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन तारांमध्ये मोजलं. दोन टोकांचे दोन रेझिस्टर समांतर, म्हणजे ६० ओहम यायला हवेत, लांब केबल असेल तर तारेच्या स्वतःच्या रोधामुळे थोडे जास्त. मला १८ मिळाले. १२० ला ७ ने भागा, १७ येतात. वरचा एक ओहम केबलचा. सात स्विच चालू आहेत हे मला मीटर न उघडताच कळलं. दहा सेकंदांचं काम आहे हे, आणि साध्या मल्टिमीटरने होतं. तीन महिन्यांत तिथे आलेल्यांपैकी कुणीही ते मोजलं नव्हतं.

१८ ओहम झाल्याने बिघडतं काय? प्रत्येक मीटरमधल्या ४८५ च्या चिपला ५४ ओहमच्या भारावर किमान दीड व्होल्ट देता यावेत असं मानक सांगतं. भार १८ वर आला की तिचा जोर कमी पडतो, तरी ती कशीबशी बोलते. खरा धोका ती बोलत नसते तेव्हा असतो. कुणीच बोलत नसताना तार अधांतरी राहू नये म्हणून पीएलसीमध्ये दोन बायस रेझिस्टर असतात, इथे ६८० ओहमचे. एक तारेला पाच व्होल्टकडे ओढतो, दुसरा शून्याकडे. भार ६० ओहम असेल तर दोन तारांत २११ मिलिव्होल्ट राहतात. ऐकणाऱ्या चिपला २०० मिलिव्होल्टच्या वर काहीतरी दिसलं की ती समजते, शांतता आहे. भार १८ ओहम झाला की तिथे उरतात ६५ मिलिव्होल्ट. मग चिपला शांतता आणि बोलणं यांतला फरकच कळत नाही. पंप बंद असताना ते निभावलं. पंप सुरू झाला, व्हीएफडीची केबल त्याच ट्रेमधून सिग्नलच्या केबलला चिकटून गेलेली, आणि तिच्यातून आलेला प्रत्येक खरखराट मीटरला हाक वाटू लागला. खरी हाक आली की उत्तर चुकायचं, चेकसम (उत्तर नीट पोचलं का ते तपासायचा आकडा) जुळायचा नाही, पीएलसी ते उत्तर टाकून द्यायचा.

आता त्या रात्रीचं. वहीत रात्री ११:४० ला नोंद आहे: संप लेव्हल २.८ मीटर, दोन पंप चालू. १२:३० ला २.८. १:३० ला २.८. शेजारी त्याने प्रश्नचिन्ह केलंय. २:१० ला: लेव्हल बदलत नाही म्हणून बॅटरी घेऊन संपवर गेलो, पाणी तळाला, पंप हाताने बंद केले. तोपर्यंत पंप कोरडे चालून दोन्हीचे मेकॅनिकल सील जळाले होते. तारेवरचं बोलणं रात्री अकराच्या सुमाराला थांबलं होतं आणि स्क्रीन शेवटचा मिळालेला आकडा तसाच दाखवत राहिली. २.८ हा आकडा खोटा नव्हता, तीन तासांपूर्वीचा होता. स्क्रीनचा प्रोग्राम करताना संपर्क तुटला की आकड्याच्या जागी रेघा दिसाव्यात, रंग बदलावा, भोंगा वाजावा, एवढं करायचं असतं. केलेलं नव्हतं. एवढं असूनही ज्या मुलाला संशय आला, जो रात्री दोन वाजता एकटा उठून अंधारात संपवर गेला, त्यालाच निष्काळजी ठरवलं गेलं. तो गेला नसता तर मोटारीही गेल्या असत्या.

या ठिकाणी मला एक गोष्ट फार ठासून सांगायची आहे. पाणी संपलं की पंप बंद करणं, हे काम कधीही या संपर्काच्या तारेवर सोडू नये. संपमध्ये फ्लोट स्विच टाकायचा आणि त्याची वेगळी दोन तारांची केबल थेट स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमध्ये न्यायची. तिथे प्रोग्राम नाही, मॉडबस नाही, काही नाही. पाणी खाली गेलं, संपर्क उघडला, पंप बंद. तार माळेसारखी असो की झाडासारखी, संपात फ्लोट हवाच.

दुरुस्ती करताना आणखी दोन दोष सापडले. एक ए आणि बी चा. ४८५ च्या दोन तारांना ए आणि बी म्हणतात, आणि कुठली कुठली यावर जगात एकमत नाही. मूळ मानकाप्रमाणे शांततेत बी ही ए पेक्षा जास्त व्होल्टेजला असते. पण कितीतरी चिप बनवणाऱ्यांनी बरोबर उलटी नावं दिली, आणि मीटर बनवणाऱ्यांनी आपापल्या चिपप्रमाणे टर्मिनलवर छापलं. त्यामुळे एका कंपनीच्या ए ला दुसरीचा ए जोडला की तो मीटर मुका होतो. इथे क्लोरीन अॅनालायझरचं तसंच झालं होतं, तो पहिल्या दिवसापासून कधी दिसलाच नव्हता, आणि क्लोरीनचे आकडे हाताने वहीत लिहिले जात होते. तारा उलट केल्या, दिसला. मी फेरूलवर, म्हणजे तारेच्या टोकावरच्या खुणेच्या नळीवर, ए-बी लिहीतच नाही. प्रत्येक मीटरवर शांततेत व्होल्टेज मोजते आणि प्लस-मायनस लिहिते.

दुसरा दोष अर्थिंगचा. दोन तारांची पद्धत म्हणतात म्हणून लोक दोनच तारा टाकतात. पण दोन्हीकडच्या चिपना शून्य म्हणजे काय हे एकमेकींना कळायला तिसरी तार लागते. चिप सहन करते ते उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंत, त्यापलीकडे ती आंधळी होते किंवा जळते. पंपहाउसचा अर्थ पिट वेगळा, ऑफिसचा वेगळा. पंप सुरू होताना दोन्हींमध्ये मी ११ व्होल्ट एसी मोजले, म्हणजे शिखरावर १५ च्या वर. तिथल्या एका विजेच्या मीटरचा पोर्ट त्यामुळेच गेला होता. पंपहाउसच्या पॅनलमध्ये आयसोलेटर (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवून फक्त सिग्नल पुढे देणारा) बसवला, बाकी ठिकाणी तिसरी तार टाकली, आणि शिल्ड, म्हणजे केबलमधल्या तारांभोवतीचं धातूचं आवरण, ऑफिसच्या एकाच टोकाला अर्थ केली. शिल्ड दोन्ही टोकांना जोडली तर अर्थचा करंट तिच्यातून वाहतो. वळवाच्या विजांसाठी सर्ज अरेस्टरही बसवले, तो विषय मोठा आहे, इथे नको.

मुख्य काम मात्र माळेचं. खोदकाम न करता झाडाची माळ कशी करायची, हे इतर वायरमनांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. पंपहाउस हे एक टोक धरलं आणि इनलेट दुसरं. या दोन फांद्यांना हात लावला नाही. मधल्या तीन ठिकाणी, म्हणजे संप, फिल्टर हाउस आणि क्लोरीनच्या खोलीत, त्याच पाइपमधून आणखी एक केबल ओढली, एकीने जायचं आणि दुसरीने परत यायचं. जंक्शन बॉक्समध्ये पाच तारा एका स्क्रूखाली होत्या, त्या सोडवून वेगवेगळ्या टर्मिनलवर नेल्या आणि एका फांदीचं परतणं पुढच्या फांदीच्या जाण्याला जोडलं. पीएलसी माळेच्या मध्येच राहिला. तो टोकाला असावा असा काही नियम नाही. एकूण तार साडेसहाशे मीटरच्या आसपास झाली. मॉडबसचं मानक ९६०० ला १००० मीटरपर्यंत परवानगी देतं, आणि मुख्य तारेपासून मीटरपर्यंतची फांदी कुठेही २० मीटरपेक्षा लांब नको म्हणतं. मी ती अर्ध्या मीटरच्या आतच ठेवते. सातपैकी सातही स्विच बंद केले, दोन टोकांना दोन रेझिस्टर लावले. मधून मोजलं तर ७२ ओहम. ६० चे ७२ का, तर तारेच्या लांबीमुळे. हिशेब जुळला. शांततेतलं व्होल्टेज पाव व्होल्टला आलं. व्हीएफडीची केबल ट्रेमधून काढून वेगळ्या पाइपमधून नेली. दोन दिवस, तीन माणसं आणि दोनशे मीटरच्या आसपास केबल, एवढंच लागलं. माळेसाठी एकही मीटर बदलावा लागला नाही.

वेग पुन्हा ९६०० केला. त्यावर स्क्रीन हळू होईल अशी हरकत आली. मी हिशेब मांडून दाखवला. एका मीटरला प्रश्न विचारून उत्तर यायला या वेगाने एक दशांश सेकंद धरा. १४ मीटरांची फेरी दीड सेकंदात पूर्ण होते. दीड सेकंदात कोणत्या गावाच्या संपाची पातळी बदलते? मुळात आकडे उशिरा बदलत होते ते क्लोरीनच्या मीटरमुळे. तो उत्तर देत नव्हता, आणि पीएलसी प्रत्येक फेरीत त्याची तीनदा वाट पाहत थांबायचा. दोन तारा उलट करण्याने जे झालं असतं, त्यासाठी वेग बारा पट वाढवला गेला, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

झाडासारखी तार चालणाऱ्या पद्धती जगात आहेत, हेही सांगते. इमारतींमध्ये वापरतात ती केएनएक्स झाड चालवून घेते. रासायनिक कारखान्यांत फाउंडेशन फील्डबस आहे, तिथेही फांद्या काढता येतात. पण त्या पद्धती मुळातच संथ आणि फांद्यांचा विचार करून बनवलेल्या आहेत. उलट गाड्यांमधली कॅन बस, बॉशने १९८६ साली जगासमोर मांडलेली, तिलाही दोन टोकांना १२० ओहमच लागतात आणि फांदी तर फुटभराच्या आत. आपण काय जोडतोय ते आधी वाचायला हवं.

माझी मागणी छोटी आहे. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून गावोगाव अशी केंद्रं आणि असे मीटर येत आहेत. काम ताब्यात घेताना ठेकेदाराकडून एक कागद मागून घ्यावा. त्यावर तार कोणत्या मीटरकडून कोणत्या मीटरकडे गेली त्याचा हाताने काढलेला का होईना नकाशा असावा, दोन टोकं कोणती ते लिहिलेलं असावं, पुरवठा बंद असताना मोजलेले ओहम आणि सगळे पंप चालू असताना चुकलेल्या उत्तरांची संख्या असावी. चाचणी पंप चालू ठेवूनच घ्यावी. निविदेत ही चार वाक्यं घालायला पैसे पडत नाहीत. ग्रामसेवकालाही हा कागद वाचता येईल: ओहम ६० ते ८० च्या दरम्यान असले तर विचारायचं काही नाही, २० असले तर सही करायची नाही. आणि आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना एक दिवस, फक्त एक दिवस, वर्गात दहा मीटरांची माळ आणि दहा मीटरांचं झाड करून दोन्ही मोजायला द्यावं. कुपवाडच्या माझ्या शेडमध्ये मी ते गेली चार वर्षं माझ्याकडे येणाऱ्या मुलांना करायला लावते. ज्यांना शनिवारी यायचं असेल त्यांनी यावं, साहित्य माझं.

जे दोन फ्लो मीटर सदोष म्हणून काढले, ते मी माझ्या टेबलावर जोडून चार दिवस आणि चार रात्री चालू ठेवले. एकही उत्तर चुकलं नाही. लेव्हल मीटरही तसाच निर्दोष निघाला. तिन्ही मीटर खोक्यात घालून, त्यावर माझी मोजमापं चिकटवून केंद्राच्या स्टोअरमध्ये परत दिले आहेत. ते भंगारात जाऊ नयेत. शेजारच्या गावाचं काम सुरू होतंय, तिथे लावता येतील.

आणि तो ऑपरेटर मुलगा. त्या रात्रीनंतर त्याला घरी बसवलं, पुढे अठरा दिवसांनी परत घेतलं, कारण वही कुठे ठेवली आहे आणि कोणता व्हॉल्व्ह कुठला हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पण त्या अठरा दिवसांचा पगार त्याला मिळालेला नाही, आणि आपल्या बातमीतला त्याच्याबद्दलचा उल्लेख गावात अजून लोक त्याच्या वडिलांना ऐकवतात. त्याच्या वहीतल्या त्या रात्रीच्या पानाची आणि माझ्या मोजमापांची प्रत या पत्रासोबत पाठवत आहे. आपण ती पाहावी, खात्री करावी, आणि ज्या पानावर ती बातमी आली होती त्याच पानावर दुरुस्ती छापावी, अशी कळकळीची विनंती आहे. पगाराबाबत मी संबंधितांना वेगळं पत्र दिलं आहे. त्याला आज बारा दिवस झाले.

आपली,
एक पॅनल वायरिंग करणारी
कुपवाड, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)